लहान चिप उत्पादकाची स्पर्धानीती

एकाच बलाढ्य कंपनीची बाजारावर पकड असताना कमी भांडवलाच्या, कमी अभियंत्यांच्या चिप कंपनीने तग धरण्यासाठी आणि पुढे सरकण्यासाठी कोणत्या जागा निवडाव्यात, याचा विचार. बलाढ्य इंटेल आणि तिच्यापुढे लहान असलेली एएमडी या प्रोसेसर कंपन्यांची १९८० च्या दशकापासूनची झुंज हे याचे सर्वांत बोलके उदाहरण.

प्रोसेसर घेणारा ग्राहक आधी आपले प्रोग्राम त्यावर चालतील का, हे पाहतो. प्रोग्राम लिहिलेले असतात मोठ्या कंपनीच्या आज्ञासंचासाठी, म्हणजे तिच्या प्रोसेसरला कळणाऱ्या मूलभूत आज्ञांसाठी. एएमडीला हे दार आयबीएममुळे उघडले. १९८१ च्या आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी आयबीएमने इंटेलचा ८०८८ निवडला, पण एकाच पुरवठादारावर विसंबायची तिची तयारी नव्हती. त्यातून १९८२ चा इंटेल-एएमडी करार झाला आणि इंटेलच्या आराखड्यांवरून एएमडीही त्याच चिप बनवू लागली. ८०३८६ च्या वेळी इंटेलने आराखडे देणे थांबवले. एएमडीने लवादाकडे दाद मागितली आणि स्वतःच्या बळावर एएम३८६ तयार केला. तो १९९१ मध्ये आला. इंटेलचा ३८६ जिथे ३३ मेगाहर्ट्‌झवर थांबला होता, तिथे याची ४० मेगाहर्ट्‌झची आवृत्ती मिळू लागली. मात्र इंटेलचा पुढच्या पिढीचा ४८६ तोवर दोन वर्षांचा झाला होता. सुसंगत चिप बनवणारा असा एक पिढी मागे राहतो.

ही कोंडी ६४ बिटांच्या प्रश्नावर, म्हणजे ३२ बिटांच्या प्रोसेसरकडून ६४ बिटांकडे कसे जायचे यावर फुटली. इंटेलने एचपीच्या साथीने जुना आज्ञासंच बाजूला ठेवून इटॅनियम हा नवा प्रोसेसर (२००१) उभारला. एएमडीने तोच जुना संच ६४ बिटांपर्यंत वाढवला. तिच्या २००३ च्या ऑप्टेरॉन प्रोसेसरवर जुने ३२ बिटी प्रोग्राम पूर्ण वेगाने चालत, आणि ग्राहकाला नव्याकडे आपल्या सवडीने जाता येई. इंटेलने लगेच प्रत्युत्तर देणे म्हणजे आपल्या इटॅनियमच्याच पायावर धोंडा पाडणे होते. तरी २००४ मध्ये इंटेलला हीच वाढ स्वीकारावी लागली. प्रतिस्पर्ध्याचे हात त्याच्याच गुंतवणुकीने बांधलेले असतात, ती जागा हेरणे हा या नीतीचा गाभा मानावा लागेल. याउलट ट्रान्समेटा या दुसऱ्या लहान कंपनीने २००० मध्ये कमी वीज खाणारा क्रूसो प्रोसेसर आणला. त्या वाटेवर इंटेलला अडवणारे काही नव्हते, आणि २००३ मध्ये तिचा कमी वीज खाणारा पेंटियम एम आला.

चांगली चिप दुकानापर्यंत पोहोचावीही लागते. संगणक उत्पादकांनी एएमडीच्या चिप घेऊ नयेत म्हणून इंटेल त्यांना सवलती देते, असा आरोप करत एएमडीने २००५ मध्ये इंटेलवर खटला भरला. २००९ मध्ये १२५ कोटी डॉलर घेऊन तडजोड झाली. पैसे मिळाले, पण हातची गेलेली वर्षे काही परत आली नाहीत.

त्याच वर्षी एएमडीने आपले चिप कारखाने वेगळ्या कंपनीत काढले. तिची २०११ ची बुलडोझर ही प्रोसेसर रचना फसली; २०१३ पासून प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या गेम खेळण्याच्या यंत्रांच्या चिपांनी आधार दिला. २०१७ च्या झेन या नव्या रचनेतली युक्ती विलक्षण होती. आठ कोअरचा (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणनकेंद्रांचा) एकच तुकडा घरगुती रायझनमध्ये एकटा आणि सर्व्हरच्या एपिकमध्ये चार मिळून ३२ कोअर असा वापरला. ज्या सिलिकॉनच्या चकतीतून चिप कापतात, त्या वेफरवर दोष विखुरलेले असतात. तुकडा जितका मोठा, तितका तो बाद होण्याचा संभव अधिक. लहान तुकड्यांमुळे वाया जाणारा माल घटला आणि एकाच आराखड्याच्या खर्चात दोन बाजार साधले. २०१९ मध्ये कोअरचे तुकडे तैवानच्या टीएसएमसी या चिप कारखानदाराच्या नव्या ७ नॅनोमीटर प्रक्रियेत आणि बाहेरच्या जोडण्या सांभाळणारा तुकडा जुन्या, स्वस्त प्रक्रियेत बनू लागला. स्वतःचे कारखाने भरलेले ठेवण्याची जबाबदारी डोक्यावर नव्हती, म्हणून ही मुभा मिळाली.

ग्राफिक्सच्या बाजारात एन्‌व्हिडियासमोर हेच गणित अवघड ठरले. २००७ पासून प्रोग्रामर कूडा या एन्‌व्हिडियाच्याच चिपांसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत आले. त्याला एएमडीचे उत्तर असलेले रॉकम २०१६ चे, आणि इथे उसना घेता येईल असा आज्ञासंच नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्राम लिहिण्याच्या पायटॉर्चसारख्या तयार चौकटींमध्ये मात्र संशोधक वरच्या थरावर लिहितो, खालची चिप बदलली तरी त्याचा बराचसा कोड तसाच राहतो. एएमडी आपला जोर याच थरावर लावत आहे.