मावळ तालुका वेगळा आणि बारा मावळ वेगळे, किती वेळा सांगायचं

पाऊस सुरू झाला की दरवर्षी तेच. लोहगडाचा विंचूकाट्याचा धुक्यातला फोटो आणि खाली कॅप्शन, "याच मावळात महाराजांनी तोरणा घेतला". किंवा लोणावळ्याहून परत येताना कुणीतरी गाडीत ज्ञान देतं की बारा मावळ म्हणजे हा सगळा मावळ तालुका, याचे पूर्वी बारा भाग होते. नव्हते हो. बारा मावळ म्हणजे सह्याद्रीतली बारा नदीखोरी, जिथे महाराजांचं स्वराज्य उभं राहिलं. लोणावळ्याहून तोरण्याला जायचं तर पुण्याला वळसा घालून शंभरच्या वर किलोमीटर गाडी हाणावी लागते, एवढं तरी मॅपवर बघा.

मावळ तालुका तुम्हाला माहितीच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. पुणे जिल्हा, तहसील कचेरी वडगावला म्हणून वडगाव मावळ, तळेगाव, लोणावळा, मधून जुना हायवे, एक्सप्रेसवे आणि रेल्वे. कार्ला-भाजे-बेडसे लेणी, एकवीरा, लोहगड-विसापूर-तुंग-तिकोना, पवना धरण. १७७९ ला मराठ्यांनी इंग्रजांना कोंडीत पकडून तह करायला लावला ते हेच वडगाव. झालं.

आता बारा मावळ. इथे घोळ होतो कारण आपण तालुका डोक्यात ठेवून मावळ शोधतो. तालुका म्हणजे सरकारने नकाशावर मारलेली रेघ, उद्या बदलू शकते. मावळ म्हणजे एका नदीचं खोरं. सह्याद्रीची मुख्य रांग उत्तर-दक्षिण जाते आणि तिच्यातून पूर्वेकडे डोंगराच्या सोंडा फुटतात, हाताची बोटं पसरावीत तशा. दोन सोंडांच्या मधे जी बेचकी राहते तिच्यातून एक नदी पूर्वेला देशाकडे वाहत जाते, आणि तेवढी बेचकी म्हणजे एक मावळ. वरच्या टोकाला कोकणाचा कडा, खालच्या टोकाला पुण्याकडचं सपाट रान. एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायचं तर खिंड चढून पलीकडे उतरा नाहीतर खाली सपाटीपर्यंत जाऊन वळसा मारून पुन्हा वर या, म्हणून शेजारचं मावळ सरळ रेषेत अगदी जवळ असूनही परकं, आणि त्याच खोऱ्यातलं टोकाचं गाव लांब असूनही आपलं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप जागेवर पडतं.

उत्तरेकडून खाली येऊ. आंद्रा नदीचं आंदर मावळ, इंद्रायणीला मिळणाऱ्या कुंडलिकेकडचं नाणे मावळ, पवनेचं पवन मावळ. ही तीन. मावळ तालुक्यातला हिशोब एवढाच, बारातले तीन. मग कोरीगडाच्या आसपासचं कोरबारसे, मुळेचं पौड खोरं, मुठेचं मुठे खोरं, ही मुळशी तालुक्याकडची. पुढे मोसे नदीचं मोसे खोरं, कानंदीचं कानद मावळ ज्याच्या डोक्यावर तोरणा उभा आहे, गुंजवणीचं गुंजण मावळ आणि राजगड, हे वेल्ह्याकडचं, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात (आणि राजगड म्हणजे रायगड नव्हे, पण तो वेगळा संताप आहे). त्याच्याही खाली भोर तालुक्यात वेळवंड खोरं, रोहिड खोरं आणि नीरेच्या वरच्या अंगाचं हिरडस मावळ, वरंधा घाटाने महाडला उतरताना तुम्ही त्यातूनच जाता.

यादीवरून भांडू नका. जुन्या याद्यांत एखाददुसरं नाव इकडचं तिकडे असतं, शिवाय जुन्नरच्या बाजूचे बारा वेगळे मोजतात, त्यांना तिकडे नेर म्हणतात, भीमनेर, मिननेर वगैरे. बाराचा आकडा पक्का करण्यात काही मजा नाही. नद्या पाठ करा.

खोऱ्यांचं हे समजलं नाही तर तिथली माणसंही समजत नाहीत. आपल्याकडे 'मावळे' म्हटलं की एकसारखे कपडे घातलेली एकजीव फौज डोळ्यासमोर येते. प्रत्यक्षात प्रत्येक खोऱ्याचा वेगळा देशमुख, वेगळं वतन, वेगळा तोरा. मोसे खोऱ्यात पासलकर, गुंजण मावळात शिळीमकर, रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल. जेधे आणि बांदल यांचं तर जुनं वैर. आणि एका खोऱ्यात तरी एकी होती का, तर १६५९ ला अफझलखान आला तेव्हा रोहिड खोऱ्यातलेच कान्होजी जेधे महाराजांकडे आणि त्याच खोऱ्यातले उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे. महाराजांनी गड घेतले ते दिसतं, पण एकमेकांचं तोंड न बघणारी ही खोरी एका दावणीला आणली ते काम माझ्या मते त्याहून अवघड होतं, आणि सगळा मावळ म्हणजे एक तालुका समजलात की नेमकं तेच दिसेनासं होतं.

स्वराज्याचं मूळ मावळ तालुक्यात नव्हे तर दक्षिणेकडच्या खोऱ्यांत होतं याचा अजून एक पुरावा, ज्याला वाद घालायची हौस आहे त्याच्यासाठी. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि बारा ठेवता आले. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना गेले. राजगड आणि तोरणा राहिले. म्हणजे आजच्या मावळ तालुक्यातले हे चारही किल्ले हातचे गेले तेव्हा राज्याचं घर दक्षिणेकडच्या खोऱ्यांत शाबूत होतं. मला लोहगड आवडतो, भरपूर आवडतो, पण स्वराज्याचा पाळणा बघायचाय म्हणून कुणी लोहगडासाठी मळवली स्टेशनला उतरत असेल तर त्याला मी राजगड-तोरण्याकडे जाणारा नसरापूरचा फाटा दाखवतो.

आता किरकोळ गोष्टी. मावळ तालुका असो की बाकीची खोरी, भात दोन्हीकडे, खाचरं दोन्हीकडे, राब भाजणं (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळणं) दोन्हीकडे, उतारावर नाचणी-वरई दोन्हीकडे. पाऊस घाटमाथ्याला बदाबदा आणि पूर्वेला सरकलं की झपाट्याने कमी, लोणावळ्यात चार हजार मिलिमीटरच्या आसपास तर तळेगावात त्याच्या निम्मासुद्धा नाही, हे प्रत्येक खोऱ्यात असंच. इंद्रायणी तांदूळ मात्र खरोखर मावळ तालुक्याचा, वडगावच्या भात संशोधन केंद्राने काढलेला, तो मान त्यांचा. मराठा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी, धनगर ही वस्तीही तालुक्याची हद्द बघून थांबत नाही.

धरणांचं मात्र किरकोळ नाही. खोरं अरुंद, पाऊस प्रचंड, तोंडाशी भिंत घातली की तलाव तयार, म्हणून जवळपास प्रत्येक मावळाच्या घशात आज एक धरण आहे. आंदर मावळात ठोकळवाडी, मग पवना, मुळेवर मुळशी, मुठेवर टेमघर, मोसेवर वरसगाव, वेळवंडीवर भाटघर, नीरेवर नीरा-देवघर. खोऱ्यातली सपाट, चांगली जमीन नदीकाठीच असते, तीच आधी बुडाली आणि गावं वर उताराला सरकली किंवा उठून दूर गेली. मुळशीच्या लोकांनी सेनापती बापटांबरोबर १९२१ पासून सत्याग्रह केला तो याच जमिनीसाठी, आणि मजा बघा, पूर्वेला वाहणारी ती मुळा टाटांनी उलटी फिरवून कोकणात भिऱ्याला सोडली, विजेसाठी. वीकेंडला ज्याला आपण 'बॅकवॉटर व्ह्यू' म्हणतो ते पाणी कुणाच्या तरी खाचरांवर उभं आहे.

दोन फुटकळ घोळ राहिले. पवन मावळ आणि पावनखिंड यांचा काहीएक संबंध नाही. पावनखिंड तिकडे कोल्हापुरात, पन्हाळा-विशाळगड वाटेवर, आणि १६६० ला तिथे लढले ते बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं हिरडस मावळातली. दुसरं, मावळ लोकसभा मतदारसंघ. २००९ पासून निवडणूक होतेय आणि त्यात मावळबरोबर पिंपरी, चिंचवड, कर्जत, पनवेल आणि उरण. उरणला समुद्र आहे. त्यामुळे टीव्हीवर "मावळचा कौल" ऐकलंत तर त्यातले बरेच मतदार घाटाखाली राहतात, त्यांना मावळे म्हणून मोकळे होऊ नका.