हुरूप कोणता, नेम कोणता?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. पूर्ण अंतर ४२.१९५ किलोमीटर. त्यासाठी सप्टेंबरच्या मध्यावर, म्हणजे १८ आठवडे आधी, सराव सुरू करणारे दोघे शेजारी उभे केले, तर हुरूप कोणाचा आणि नेम कोणाचा हे सांगता येणार नाही. दोघंही पाचला उठतात, दोघांचे बूट नवे, दोघंही चार-पाच किलोमीटरमध्ये घामाघूम. म्हणूनच गल्लत होते आणि शिस्त म्हणजे जरा जास्त दिवस टिकलेला हुरूप, असं वाटू लागतं.

'शिस्त' म्हटलं की मला पीटीचे मास्तर आठवतात, म्हणून मी 'नेम' म्हणतो. माळ घातलेला वारकरी रोज हरिपाठ म्हणतो. आज मन लागतंय का, हे आधी चाचपून मग सुरुवात करत नाही. लागलं तर आनंदच. नाही लागलं तरी हरिपाठ होतो.

हुरूप विचारतो, 'आज पळावंसं वाटतंय का?' नेम फक्त विचारतो, 'किती वाजले?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर रोज नव्याने शोधावं लागतं, आणि पहाटे पाचला अंथरुणात ते काय येतं हे आपण सगळेच जाणतो. नेमात ती चर्चाच नसते. बूट रात्रीच दाराशी ठेवलेले, जोडीदार कोपऱ्यावर उभा, अंतर तक्त्यात लिहिलेलं. नेमाला दांडगं मनोबल लागतं हे म्हणूनच मला पटत नाही. उलट थोडक्या मनोबलात भागावं यासाठीच तो लावून घ्यायचा.

खरी ओळख पटते ती कंटाळ्याच्या दिवशी नव्हे, उत्साहाच्या दिवशी. तक्त्यात ८ किलोमीटर आहेत, हवा गार, पाय हलके. हुरूप म्हणतो, आज १५ होऊन जाऊ दे. नेम आठला थांबतो. कारण साधं आहे: दम लवकर वाढतो, हाडं आणि स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा मात्र मागून तयार होतात. मधल्या काळात नडग्या आणि टाचा धरतात. माझ्या पाहण्यातले निम्मेअधिक आरंभशूर आळसामुळे नाही, अशाच एखाद्या झकास सकाळीमुळे घरी बसले.

हुरुपाला नावं ठेवायची नाहीत. नोंदणीचे पैसे तोच भरतो. नेमाच्या भरवशावर कोणी ४२ किलोमीटरच्या फंदात पडलं नसतं.

मग दिवाळी येते. फराळ, पाहुणे, चार दिवस खाडा. हुरूप एकतर चारही दिवसांचं अंतर एका रविवारी भरून काढायला निघतो, नाहीतर 'आता सोमवारपासून' म्हणतो. (तो सोमवार बहुधा तुळशीच्या लग्नानंतरही येत नाही.) नेम बुडालेलं अंतर सोडून देतो आणि आजचं तेवढं पळतो.

सगळ्यात गंमत शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. शर्यतीसाठी पाय ताजे राहावेत म्हणून आता अंतर कमी करायचं असतं. नेमकं तेव्हाच बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, हातात येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंचा पाऊस पडतो, पेडर रोडच्या चढावर कसं पळायचं याच्या चर्चा रंगतात. पाय शिवशिवतात. हुरूप कधी नव्हे इतका चढलेला असतो, आणि तक्त्यात लिहिलेलं असतं: ५ किलोमीटर, सावकाश.