एक्स-रे खोलीतला बॅज: तीन चकत्यांमागचा इतिहास

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे खोलीत डोकावलं, तर तंत्रज्ञाच्या छातीवर काडेपेटीहून जरा मोठा प्लॅस्टिकचा बॅज दिसतो. त्याच्या अंगावर किती किरण पडले, म्हणजे किती डोस मिळाला, हे तो नोंदवतो. निदान दिसायला हवा. बऱ्याचदा तो दाराआडच्या खिळ्याला लेड (शिशाच्या) एप्रनसोबत लटकत असतो, आणि मग दर तिमाहीला येणारा डोसचा आकडा माणसाचा न राहता खिळ्याचा होतो.

राँटगेनला हे किरण 8 नोव्हेंबर 1895 रोजी सापडले. पुढची कैक वर्षं डोस मोजायचं साधन म्हणजे कातडी. नळी नीट चालते का हे पाहायला ऑपरेटर स्वतःचाच हात समोर धरत. एडिसनचा सहाय्यक क्लॅरेन्स डॅली याचे दोन्ही हात कापावे लागले, आणि 1904 मध्ये तो गेला. 1925 मध्ये मटशेलरने मर्यादा सुचवली, तीही कातडीच्याच भाषेत: ज्या डोसने कातडी लाल होते, त्याचा शंभरावा हिस्सा महिन्याभरात. हा अंदाजच होता, पण त्याआधी तेवढाही नव्हता. 1928 ला स्टॉकहोममध्ये किरणांपासून संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली, 1934 मध्ये दिवसाला 0.2 राँटगेन (किरण मोजायचं तेव्हाचं एकक) ठरलं आणि पन्नासच्या दशकाअखेर वर्षाला 50 मिलिसिव्हर्ट (डोसचं आजचं एकक). हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या डोसचा हिशोब नव्याने मांडल्यावर 1990 मध्ये ही मर्यादा वर्षाला सरासरी 20 वर आली. आपल्याकडे 1983 मध्ये स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ त्याहून थोडं कडक आहे: 5 वर्षांत 100 मिलिसिव्हर्ट, म्हणजे सरासरी तीच, पण कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही.

मर्यादा ठरली तरी माणसागणिक मोजणार कसं? आधी फिल्म बॅज होते, म्हणजे किरणांनी काळी पडणारी फोटोची फिल्म आत ठेवलेले. त्यांचा एक गुण आजही आठवावा असा. बॅज एकाच जागी टांगून ठेवला असेल, तर आतल्या धातूच्या फिल्टरची सावली फिल्मवर रेखीव उमटे आणि चोरी पकडली जाई. पण उकाड्यात आणि पावसाळी दमटपणात फिल्म धुरकटते, उमटलेली नोंद फिकी पडते. म्हणून 1975 पासून ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राहून टीएलडी बॅज (तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून डोस सांगणारे) यायला लागले.

टीएलडीच्या आत निकेलचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियमचं पातळ कार्ड असतं, त्यावर कॅल्शियम सल्फेट आणि टेफ्लॉनच्या तीन चकत्या. सल्फेटात डिस्प्रोशियम या धातूचा किंचित अंश मिसळलेला असतो. किरण पडले की इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या खाचांत अडकतात. प्रयोगशाळेत चकती 300 अंशांच्या आसपास तापवली की ते सुटतात आणि प्रकाश देतात. जितका प्रकाश, तितका डोस. अकोल्या-चंद्रपूरच्या 45 अंशांनी या खाचा रिकाम्या होत नाहीत. उन्हाळ्याची भीती घालून बॅज घरी ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

चकत्या तीनच का? पहिलीवर तांबं-अॅल्युमिनियमचा फिल्टर, दुसरीवर प्लॅस्टिक, तिसरी उघडी. हा पदार्थ निदानाच्या एक्स-रेसारख्या कमी ऊर्जेच्या किरणांना, साधारण 30-40 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला, गॅमा किरणांच्या दहापटीहून जास्त प्रतिसाद देतो. तिन्ही चकत्यांच्या गुणोत्तरावरून किरण कसले होते ते कळतं आणि आकडा दुरुस्त होतो. हे फिल्टर बॅजच्या होल्डरमध्ये असतात, म्हणून कार्ड होल्डरविना खिशात ठेवलं, तर हा सगळा हिशोब कोलमडतो. शर्टासोबत धुण्यात गेलं तरी तेच.

बॅज छातीवर, एप्रनच्या आत लावायचा. एप्रनच्या बाहेर लावला, तर 0.25 मिलिमीटर शिशाने अडवलेले किरणही माणसाच्या खात्यात जमा होतात. तिमाहीत 10 मिलिसिव्हर्टच्या वर गेलं की चौकशी लागते, आणि बॅज खोलीत विसरल्याचं तेव्हा उघड होतं. फिल्मसारखी सावली टीएलडी दाखवत नाही, त्यामुळे विचारपूस करूनच ठरवावं लागतं.

खेड्यातला जास्तीचा डोस मात्र वेगळ्याच वाटेने आला. रब्बीत मोटारपंप सुरू झाले की व्होल्टेज पडायचं, जुन्या मशीनवर फिल्म फिकी यायची, की दुसरी काढा. रुग्णाला दुप्पट डोस, आणि त्याच्या अंगावरून विखुरणारे किरणही दुप्पट. डिजिटल आल्यावर फिकेपणा गेला. पण जास्त एक्स्पोजर दिलं तर पूर्वी फिल्म काळी पडायची, ती खूणही गेली. चित्र चांगलंच दिसतं, म्हणून एमएएस (एक्स्पोजरचा आकडा: नळीतला विद्युतप्रवाह गुणिले वेळ) नकळत चढत जातो. आम्हाला हा धोका जास्त वाटतो, कारण त्यावर कोणी तक्रार करत नाही. लहान पोर धरायचं असेल तर एप्रन घालून बापाने धरावं, तंत्रज्ञाने रोज नव्हे. रुग्णापासून एका मीटरवर विखुरलेले किरण मूळ झोताच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढे असतात, दोन मीटरवर त्याच्याही चौथाई.

राहिला कंट्रोल बॅज, म्हणजे तुलनेसाठी बाकीच्यांसोबत येणारा जादा बॅज. तो कोणी लावायचा नसतो. त्याच्यावरची नोंद बाकीच्यांतून वजा होते. जमीन आणि आकाशातून येणारे किरण सगळीकडे सारखे नसतात. पश्चिम विदर्भाच्या काळ्या बेसॉल्टात युरेनियम-थोरियम कमी, पूर्वेकडच्या ग्रॅनाइट-नाइस खडकांत जास्त. त्यात टपालाचा प्रवासही मोजला जातो. हा बॅज एक्स-रे खोलीतल्याच कपाटात ठेवला, तर तोही डोस गोळा करतो, वजाबाकी फुगते आणि सगळ्यांचे आकडे शून्याकडे सरकतात. त्याची जागा खोलीपासून लांब, कार्यालयातल्या टेबलाच्या खणात.