हत्ती रंगवले, इंजिनं पोसली

डेव्हिड शेफर्ड या इंग्रज चित्रकाराचं नाव झालं ते आफ्रिकेतल्या हत्तींच्या चित्रांमुळे. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात चित्रं हातोहात खपली आणि त्या पैशांतून त्यांनी ब्रिटिश रेल्वेची वाफेची दोन इंजिनं विकत घेतली. रेल्वे तेव्हा ही इंजिनं धडाधड भंगारात काढत होती. त्यातलं ९२२०३ क्रमांकाचं इंजिन तर १९५९ चं, म्हणजे जेमतेम आठ वर्षांचं! शेफर्ड यांनी त्याला 'ब्लॅक प्रिन्स' म्हटलं. इंजिनं ठेवायची कुठे, म्हणून पुढे सॉमरसेटमधल्या क्रॅनमोरला 'ईस्ट सॉमरसेट रेल्वे'च उभी केली.

हे मालगाडीचं इंजिन. ओढणारी चाकं दहा, त्यामुळे रुळांवर पकड जबरदस्त. पण इतकी चाकं एका सांगाड्यात बसवली की वळणावर अडकणार. म्हणून मधल्या जोडीला रुळाच्या आत बसणारी कडच ठेवलेली नाही. ती चाकं रुळावरून थोडी आडवी सरकतात. सप्टेंबर १९८२ मध्ये सॉमरसेटच्याच एका दगडखाणीत या इंजिनाने २,१७८ टनांची गाडी जागची हलवली. वाफेच्या इंजिनाने ओढलेली ब्रिटनमधली ही सर्वांत जड गाडी ठरली.

खरा खर्च मात्र बॉयलरचा. आपल्या अंघोळीच्या बंबात मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी असतं. इथे तशा नळ्या शेकड्याने. दाब चौरस इंचाला २५० पौंड, त्यामुळे पाणी १०० नव्हे, सुमारे २०७ अंश सेल्सिअसला उकळतं. फायरबॉक्सच्या, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीच्या, छतावर पाणी कायम हवंच. ते उतरलं तर पत्रा तापून मऊ पडतो आणि बॉयलर फुटू शकतो. म्हणून छतात शिशासारख्या मऊ धातूने भरलेलं बूच बसवतात. पाणी कमी झालं की धातू वितळतो, वाफ जाळावर फुत्कारत येते आणि फायरमन सावध होतो.

पाण्यातले क्षार नळ्यांवर साचतात, म्हणून बॉयलर वरचेवर धुवावा लागतो. थंड इंजिन घाईने तापवलं तर पत्रे आणि नळ्या कमीजास्त प्रसरण पावून सांधे गळू लागतात. त्यामुळे जाळ हळूहळू वाढवावा लागतो. साधारण दहा वर्षांनी तर बॉयलर सांगाड्यावरून उतरवून नळ्या उपसायच्या, पत्र्याची जाडी तपासायची. नुसतं उभं ठेवलेलं इंजिनही गंजतंच. चित्राला इतकी मिजास नसते, विकलं की चित्रकार मोकळा. शेफर्ड यांनी 'ब्लॅक प्रिन्स' जवळजवळ अर्धं शतक सांभाळलं आणि २०१५ मध्ये ते नॉर्थ नॉरफोक रेल्वेला विकलं.