पुण्यात मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीला प्रवेश घ्यायचाय? अर्ज, पात्रता आणि दाखले

बारावी सायन्सचा निकाल लागला की ‘डीएमएलटी (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीची पदविका) करा, हमखास नोकरी’ अशा जाहिरातींचा पाऊस पडतो. अर्ज कुठेही करा, पण फी भरण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे लेखी मागा. शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नाव कोणत्या विद्यापीठाचे किंवा मंडळाचे असेल? आणि त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत (पॅरामेडिकल कौन्सिल) नोंदणी होईल का? राज्यात लॅब टेक्निशियन म्हणून काम करायचे तर ही नोंदणी लागते. संस्थेने या प्रश्नांवर टोलवाटोलवी केली, तर तिथून उठा. मुलांची दोन वर्षे आणि आईवडिलांचे पैसे वाया जाताना मी पाहिले आहेत, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतेय.

पुण्यात मुख्यतः तीन वाटा आहेत. पहिली बीपीएमटी, म्हणजे बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी. ही नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी. तीन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, त्यात प्रयोगशाळा ही एक शाखा. ससूनला जोडलेल्या बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी हा अभ्यासक्रम करता आला तर सोने समजा. फी कमी, आणि हाताखालून रोज इतके नमुने जातात की वेगळा सराव करावा लागत नाही. दुसरी वाट अभिमत विद्यापीठांतल्या बी.एस्सी. एमएलटीची. त्यांचे अर्ज, वेळापत्रक आणि फी सगळे स्वतंत्र असते, त्यामुळे शासकीय फेरीची वाट पाहता पाहता त्यांची मुदत निघून जाते. तिसरी डीएमएलटी पदविका, बारावीनंतर किंवा बी.एस्सी.नंतर.

पदविकेबाबत एक कायदा माहीत हवा. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात या क्षेत्रासाठी किमान तास ठरवून दिले आहेत. संलग्न आरोग्य व्यावसायिकाची (म्हणजे तंत्रज्ञ वगैरेंची) पदविका किमान २,००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत विभागलेली हवी. आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी किमान ३,६०० तासांची आणि तीन ते सहा वर्षांची हवी. कोणी ‘सहा महिन्यांत डीएमएलटी’ किंवा ‘घरबसल्या डीएमएलटी’ म्हणत असेल, तर हे आकडे त्याच्यासमोर ठेवा. बी.एस्सी.नंतरची एका वर्षाची पदविका घेणार असाल, तर नोंदणीबद्दल थेट परिषदेलाच ई-मेल करा आणि आलेले उत्तर जपून ठेवा.

‘स्वतःची लॅब टाकू’ हे स्वप्न घेऊन येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पॅथॉलॉजी अहवालावर सही करायची ती पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच. तपासणी तुम्ही कराल, पण अहवालावरची सही तुमची नसेल. हे मनाशी पक्के करूनच या क्षेत्रात या.

पात्रता साधी आहे. बारावी विज्ञान, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय. नुसता गणिताचा गट घेतला असेल तर इथे दार बंद. बीपीएमटीची गुणवत्ता यादी बारावीच्या विज्ञान विषयांच्या गुणांवर लागत आली आहे. तरी त्या वर्षीची माहितीपुस्तिका शब्दन् शब्द वाचा. प्रवेशाची सूचना वैद्यकीय शिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर येते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखांवर विसंबू नका.

आता कागदपत्रे. गाडी अडते ती इथेच. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो एवढे सगळ्यांकडे असते. वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र मात्र बहुतेकांकडे नसते. ते ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढावे लागते, आणि निकालानंतर तिथे झुंबड उडते. म्हणून एप्रिलमध्येच अर्ज टाका. मध्ये वर्ष वाया गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्रही तयार ठेवा.

आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते. हे काम अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत सुरू करावे. यात सर्वांत जास्त वेळ जातो तो जुना पुरावा शोधण्यात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा, जात आणि वास्तव्य दाखवणारा कागद मागतात. आजोबा ज्या शाळेत शिकले तिथला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा हा भक्कम पुरावा. पुण्यात राहणाऱ्या अनेकांचे मूळ गाव सोलापूर, बीड, सातारा असते. तेव्हा सुट्टीत गावी जाल तेव्हा शाळेत आणि तहसील कचेरीत जाऊन हा उतारा घेऊन या. वडिलांची किंवा सख्ख्या काकांची वैधता झालेली असेल तर काम बरेच हलके होते.

नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाअखेरच्या, म्हणजे प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. गेल्या वर्षीचे जोडले आणि छाननीत अर्ज खुल्या प्रवर्गात गेला, असे दरवर्षी घडते. ईडब्ल्यूएस दाखल्यासाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. एक बारीक गोष्ट: दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि जातीच्या दाखल्यावर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, ते आजच ताडून पाहा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरतात आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. म्हणून बँकेचे काम आधीच उरका.

महाविद्यालय निवडताना मी तरी इमारतीपेक्षा प्रात्यक्षिक पाहीन. स्वतःच्या रुग्णालयाची प्रयोगशाळा आहे का, आणि विद्यार्थ्याला तिथे हात लावू देतात का, हे चालू वर्षाच्या मुलांना विचारा. रक्त घेताना नळ्यांचा क्रम चुकला आणि जांभळ्या झाकणाच्या नळीतले ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) पुढच्या नळीत गेले, तर अहवालात पोटॅशियम खोटे वाढते आणि कॅल्शियम खोटे घटते. निळ्या झाकणाच्या नळीत एका भाग सायट्रेटला (हेही रक्त गोठू न देणारेच रसायन) नऊ भाग रक्त लागते. नळी अर्धवट भरली तर रक्त गोठायला लागणारा वेळ उगाच लांबलेला दिसतो. डॉक्टर त्या आकड्यांवर औषध ठरवतात. ही शिस्त वर्गातल्या फळ्यावर येत नाही, त्यासाठी माणसांच्या शिरा आणि तपासणीची टेबले लागतात.

प्रवेश पक्का झाला की वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र मागतील. त्याच वेळी हिपॅटायटिस बीची लस सुरू करा. तिचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, तेव्हा रुग्णालयात पोस्टिंग लागण्याआधी ते पूर्ण व्हायचे तर पहिला डोस प्रवेशाच्या आठवड्यातच घ्यायला हवा.