द्राक्षावरचं पांढरं: मेण की औषध?

जानेवारी उजाडून नाशिकच्या रस्त्यांवर द्राक्षांच्या हातगाड्या लागल्या की तो व्हिडिओ फिरायला लागतो. काळ्या द्राक्षाच्या मण्यावर कुणीतरी अंगठा घासतं, पांढरट थर पुसला जातो आणि मागून आवाज येतो, ‘बघा, केवढं औषध मारलंय!’ यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो आला, तेव्हा खाली लगेच दोघी-तिघींनी लिहिलं की आम्ही मुलांना द्राक्षं देणंच बंद केलंय. निफाड-दिंडोरी तासाभरावर, आणि आपल्याच पोरांना द्राक्षं नाहीत, तीही एका गैरसमजापायी! म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तो थर द्राक्षाचा स्वतःचा आहे. मण्याच्या सालीवर वेल मेणाचा पातळ लेप चढवते. त्यात ओलिअॅनॉलिक आम्ल नावाचा पदार्थ सर्वांत जास्त असतो. हाच पदार्थ लवंगेत आणि तुळशीतही सापडतो. मेणाचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकमेकांवर रचलेले असतात, त्यांवर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो आणि मणी पांढुरका दिसतो. या लेपामुळे मण्यातलं पाणी सहज उडून जात नाही आणि बाहेरचं पाणी सालीवर टिकत नाही. बेदाणा करणाऱ्यांना हे मेण चांगलंच माहीत आहे. घड आहे तसा वाळत घातला तर पाणी लवकर निघत नाही. म्हणून ते घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. त्याने पापुद्र्यांची रचना विस्कटते आणि पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. ताजी द्राक्षं विकणारा बागायतदार मात्र हाच थर जिवापाड जपतो. काढणीच्या वेळी मजुरांना घड देठाला धरूनच उचलायला सांगतात, मण्यांना बोटं लावू देत नाहीत. थर शाबूत असेल, तर त्या मालाला कमी हात लागलेत असं समजावं.

फवारणीचे डागही दिसतात, पण ते वेगळे. मण्याच्या खालच्या टोकाला थेंब लोंबकळून वाळतो आणि तिथे गोल कड उमटते. मोरचुदाचा डाग निळसर, मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचा पिवळसर. सगळीकडे सारखं पांढुरकं असेल तर मेण, ठिपके किंवा ओघळ असतील तर फवारणी. आणि औषधाच्या ज्या उरलेल्या अंशांची खरी काळजी करायची, ते डोळ्यांना दिसतच नाहीत. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते. म्हणजे १०० टन द्राक्षांत १ ग्रॅम. अंगठा घासून हे कळणार नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

मग हे अंश असतात कुठे? मला या विषयातला सर्वांत आवडता भाग हाच.

आपल्याकडे औषधांचे ढोबळ दोन प्रकार सांगतात, स्पर्शजन्य आणि आंतरप्रवाही. स्पर्शजन्य औषध सालीवर बसून राहतं. आंतरप्रवाही औषध पान, खोड, मूळ यांतून आत शिरतं आणि वेलीच्या रसाबरोबर फिरतं. पण या दोहोंच्या मधे तिसरी जागा आहे, ती म्हणजे हेच मेण.

एखादं औषध मेणात किती मुरेल, याचा अंदाज काढायची एक पद्धत आहे. एका बाटलीत निम्मं पाणी आणि निम्मं ऑक्टॅनॉल घ्यायचं. ऑक्टॅनॉल हे तेलकट अल्कोहोल, ते पाण्यात मिसळत नाही. त्यात औषध टाकून बाटली हलवायची, थर वेगळे होऊ द्यायचे आणि कुठल्या थरात किती औषध गेलं ते मोजायचं. या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घेतला की त्याला लॉग-पी म्हणतात. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचा लॉग-पी साधारण ४.७ आहे, म्हणजे तेलकट थरात ते पाण्याच्या सुमारे ५० हजार पट साठतं. इमिडाक्लोप्रिड या दुसऱ्या कीटकनाशकाचा ०.५७, म्हणजे जेमतेम चौपट. क्लोरपायरिफॉससारखा रेणू सालीवर पडला की मेणाकडे ओढला जातो. लोणच्याची बरणी नुसत्या पाण्याने विसळून तेलकटपणा जात नाही, तसंच हे. शिवाय फवारणीच्या पाण्यात स्टिकर घातलेलं असतं. थेंब गोल राहून घरंगळू नये, पसरून चिकटावा, दवाने आणि पावसाने निघू नये, यासाठीच ते असतं.

यावरून वाटेल की पाण्यात विरघळणारी औषधं धुतली जातात आणि न विरघळणारी राहतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटंच होतं. इमिडाक्लोप्रिड लिटरभर पाण्यात ६०० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतं, पण ते आंतरप्रवाही. झाडाच्या आत गेल्यावर नळाचं पाणी त्याच्यापर्यंत पोचणार कसं? मॅन्कोझेब पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, पण त्याचे कण सालीवर नुसते बसलेले असतात, चोळलं की निघतात. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळलं. नळाखाली धुतल्यावर १२ पैकी ९ औषधांचे अंश कमी झाले, पण कुठलं किती निघालं याचा त्याच्या विद्राव्यतेशी संबंध दिसला नाही. काम केलं ते पाण्याच्या धारेने आणि चोळण्याने.

खाण्याच्या सोड्याचा प्रयोग मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात झाला, २०१७ साली. सफरचंदांवर दोन औषधं लावली आणि लिटरला १० ग्रॅम सोड्याच्या पाण्यात ती धुतली. थायाबेंडाझोल १२ मिनिटांत ८० टक्के गेलं, फॉस्मेट १५ मिनिटांत ९६ टक्के. सोड्याचं पाणी किंचित अल्कलीधर्मी असतं आणि त्यात हे रेणू तुटतात. उरलेलं थायाबेंडाझोल आंतरप्रवाही होतं, ते सालीत ८० मायक्रॉन खोल गेलेलं सापडलं. फॉस्मेट २० मायक्रॉनवरच थांबलं होतं. मात्र औषध प्रयोगशाळेत लावून २४ तासच झाले होते. बागेत ते कित्येक दिवस मुरतं, म्हणून हे आकडे जसेच्या तसे घरच्या द्राक्षांना लावू नयेत.

तेव्हा घरी काय करावं? घडाचे कात्रीने छोटे झुपके करावेत, म्हणजे आतल्या मण्यांपर्यंत पाणी जातं. मग वाहत्या नळाखाली अर्धा-पाऊण मिनिट बोटांनी चोळावेत. हवं तर आधी दोन चमचे सोडा घातलेल्या लिटरभर पाण्यात १५ मिनिटं ठेवावेत. कोबीची बाहेरची पानं काढून टाकावीत, काकडी सोलावी. टोमॅटो तर शिजवण्याआधी चोळून धुवायलाच हवा. करप्यासाठी मॅन्कोझेब त्यावर मारतात आणि उष्णतेने त्याचं इथिलीन थायोयुरिआ होतं. हा पदार्थ थायरॉइडला घातक आहे. म्हणून ‘शिजल्यावर सगळं मरतं’ हे जंतूंपुरतं ठीक, रसायनांना ते लागू नाही. डिटर्जंट किंवा भांड्यांचा साबण वापरू नये, तो स्वतःच सालीवर उरतो. हळदीच्या पाण्याने विष उतरतं असं फॉरवर्ड येतं, पण कीटकनाशकाचा रेणू तोडणारं हळदीत काही नाही. भाज्या धुण्याच्या महागड्या बाटल्यांवर ‘९९ टक्के’ लिहिलेलं असतं, तेव्हा कुठल्या औषधाचे ९९ टक्के, एवढं विचारावं. आणि सेंद्रिय शेतीतही गंधक आणि मोरचूद चालतं, तेव्हा तोही माल धुवूनच खावा. द्राक्षं आणल्या आणल्या धुऊन फ्रिजमध्ये ठेवू नयेत. मेण निघालं की मणी लवकर सुकतात, नासतात. खायच्या वेळी धुवावीत.

नळाने जे साधत नाही, ते बागेत वाट पाहून साधतं. ऊन, उष्णता आणि झाडाची विकरं यांनी औषध विघटित होत जातं, साधारण ठरावीक दिवसांत निम्मं, पुन्हा तेवढ्याच दिवसांत त्याच्या निम्मं. समजा फवारणीनंतर मण्यांवर किलोमागे २ मिलिग्रॅम आहे आणि अर्धायुकाल, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, ३ दिवस. ०.०५ ची मर्यादा गाठायला १६ दिवस लागतील, ०.०१ ला २३. औषधाची मात्रा चुकून दुप्पट झाली, तरी थांबावं लागेल फक्त ३ दिवस जास्त. म्हणजे मालाची सुरक्षितता मात्रेपेक्षा शेवटच्या फवारणीच्या तारखेवर कितीतरी अधिक अवलंबून आहे. औषधाच्या माहितीपत्रकावर काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते, छापलेला असतो, तो यासाठीच. अडचण अशी की निफाडच्या थंडीत विघटन मंदावतं, आणि माल तयार असताना अवकाळी पाऊस आला की डाऊनी, भुरी या बुरशीजन्य रोगांच्या धास्तीने पंप पुन्हा बाहेर काढावा लागतो. कर्जावर उभी असलेली बाग डोळ्यांदेखत जात असताना थांबणं सोपं नाही.

नाशिकच्या बागायतदारांना हे गणित युरोपने शिकवलं. २००३ मध्ये मिथोमिल आणि अॅसिफेटच्या अंशांमुळे आपली द्राक्षं तिथे अडवली गेली. त्यानंतर २००६ पासून अपेडाची, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, ग्रेपनेट व्यवस्था आली. नोंदणी झालेल्या प्रत्येक प्लॉटचा नमुना काढणीआधी तपासायचा आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने प्रयोगशाळांवर देखरेख करायची. तरी २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडने, ज्याला बागेत सगळे सीसीसी म्हणतात, पुन्हा दणका दिला. हे वेलीची वाढ आवरायला वापरलं जाणारं संजीवक आहे, किडीचं औषधच नव्हे. ते वेलीच्या आतून मण्यात आलं होतं, धुण्याचा प्रश्नच नव्हता. मग ते तपासणीच्या यादीत आलं, शेतकऱ्यांनी वापर आवरला.

या सगळ्यात सर्वांत जास्त औषध अंगावर घेतो तो ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, चालवणारा. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. आपल्याकडे सुरगाणा, पेठहून आलेल्या बाया विरळणीसाठी दिवसभर उघड्या हातांनी घडांत काम करतात. सकाळी फवारलेल्या प्लॉटमध्ये त्यांना दुपारी पाठवू नये आणि हातमोजे मालकाने द्यावेत.

आणि नाशिककरांनी मागावं ते हे. केंद्र सरकारच्या देशव्यापी पाहणीत २०१४-१५ साली २०,६१८ नमुन्यांपैकी २.६ टक्के मर्यादेच्या वर होते. म्हणजे घाबरून फळं सोडण्याजोगी स्थिती नाही. पण युरोपात रॉटरडॅमला जाणारा घड प्लॉटवार तपासला जातो आणि पंचवटीच्या मार्केट यार्डात येणारा नाही, हे मला पटत नाही. प्लॉट तेच, प्रयोगशाळा त्याच, बागायतदारही तेच. यार्डात येणाऱ्या मालाचे नमुने हंगामभर नियमित घेऊन निकाल तिथल्याच फलकावर लावावेत, अशी मागणी ग्राहकांनी आणि बागायतदारांनी मिळून बाजार समितीकडे करायला हवी. काढणीपूर्व कालावधी पाळून, कमी भावाचा धोका पत्करून थांबणाऱ्या शेतकऱ्याला त्याचं श्रेय मिळेल ते त्या फलकावरच.