वार खाली आहे, पण जुन्या टाक्यांवर आहे का?

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘वार खाली आहे’, म्हणजे बाळाला पोसणारी वार (प्लासेंटा) गर्भाशयमुखाजवळ आहे, असं आलं की घरात लगेच बेडरेस्टची भाषा सुरू होते. एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. पुढच्या महिन्यांत गर्भाशयाचा खालचा भाग ताणून लांबतो आणि वारेची कड गर्भाशयमुखापासून दूर जाते. दहाजणींपैकी साधारण नऊजणींचं असंच होतं. ३२व्या आठवड्यात पुन्हा पाहायचं, तेही योनिमार्गातून. त्या तपासणीने धोका वाढत नाही आणि अंतर नेमकं कळतं. कड मुखापासून २० मिलिमीटरच्या आत असेल तर वार खालीच आहे असं धरतात.

आधी सिझर झालेलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. सिझरचा छेद गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीत, खालीच असतो. एरवी वार आणि स्नायू यांच्यामध्ये अस्तराचा एक थर असतो, प्रसूतीनंतर वार तिथूनच सुटते. सिझरच्या जुन्या टाक्यांच्या व्रणावर हा थर विरळ असतो किंवा नसतोच. मग वार थेट स्नायूत रुजते, कधी तो भेदून मूत्राशयापर्यंत जाते. वार गर्भाशयमुखावर असलेल्या स्त्रियांमध्ये हा धोका आधीच्या एका सिझरनंतर सुमारे ११ टक्के, दोनांनंतर ४० आणि तीनांनंतर ६१ टक्के असल्याचं २००६ सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. पहिलं सिझर ठरवताना हे आकडे क्वचितच कुणी सांगतं.

वार अशी स्नायूत रुजली असेल तर सोनोग्राफीत तिच्यामध्ये वेड्यावाकड्या काळ्या पोकळ्या दिसतात, तिच्यामागची काळी रेघ नाहीशी होते. नववा महिना भरताना गर्भाशयाकडे मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त जात असतं. अशी रुजलेली वार ओढली तर तुकड्यांनी निघते, रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि तिथला स्नायू आकसून त्यांना दाबू शकत नाही. म्हणून वाट न पाहता ३४ ते ३६ आठवड्यांदरम्यान, रक्तपेढी हाताशी असलेल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरवतात. बाळाच्या फुप्फुसांसाठी आधी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. छेद वारेला टाळून घेतात, बाळ काढून नाळ बांधतात आणि वारेला हात न लावता बहुधा गर्भाशयच काढतात. पुढे मूल होणार नाही, हे नवराबायकोला आधीच स्पष्ट सांगायला हवं.

त्याआधी कधीही, पोटात न दुखता, लालभडक रक्त गेलं तर ते थांबलं तरी रुग्णालय गाठायचं. वार कुठे आहे हे सोनोग्राफीत कळेपर्यंत बोटांनी आतली तपासणी करू द्यायची नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं (आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून देतात ते इंजेक्शन) विचारायचं.